सकाळी आठला गॅस बंद: उन्हाळ्यात पहिल्यांदाच स्वतःचं रांधणाऱ्यांसाठी

मी मूळची चिपळूणकडची. लग्न होऊन नागपूरला आले, तेव्हा उन्हाळा म्हणजे घामाच्या धारा एवढंच मला ठाऊक होतं. इथला कोरडा, भाजून काढणारा उन्हाळा वेगळाच असतो. त्या पहिल्या एप्रिलमध्ये मी नेहमीसारखी दुपारी साडेबाराला पोळ्या लाटायला उभी राहिले आणि चौथ्या पोळीला डोळ्यांसमोर अंधारी आली. शेजारच्या काकूंनी मला कूलरसमोर बसवलं, ताक पाजलं आणि म्हणाल्या, "अगं, उन्हाळ्यात गॅस सकाळी एकदाच पेटवायचा. मग दिवसभर फक्त कालवायचं."

त्या एका वाक्यावर माझे इतके उन्हाळे निभावले आहेत. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी घराबाहेर पडून, एक शेगडी, छोटा कुकर, मिक्सर आणि लहानसा फ्रिज एवढ्यावर जे पहिला उन्हाळा काढणार आहेत त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. फार काही येत नसलं तरी चालेल. कुकर लावता येत असेल तर निम्मं काम झालंच म्हणून समजा.

आधी पाणी

पदार्थांच्या आधी माठ आणा. फ्रिज असला तरी आणा. एका खोलीतला फ्रिज दिवसातून पन्नास वेळा पाण्यासाठी उघडला, की आतलं दही आंबतं आणि बर्फ धरत नाही.

माठ वाजवून घ्या. खणखणीत वाजला पाहिजे. भद्द आवाज आला तर कुठेतरी बारीक चीर असते. घरी आणल्यावर पाण्याने भरून एक दिवस तसाच ठेवा आणि ते पाणी झाडांना घाला. दुसऱ्या दिवशी काथ्याने आतून घासा. साबण लावायचा नाही. मातीच्या छिद्रांत साबण शिरला, तर पुढे कितीतरी दिवस पाण्याला त्याचा वास येत राहतो.

माठ ठेवायचा कुठे, हे जास्त महत्त्वाचं. मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरतं, बाहेरच्या हवेत त्याची वाफ होते आणि वाफ होताना ते माठातल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. म्हणून माठाला वारा लागला पाहिजे. कोपऱ्यात, कपाटामागे ठेवलेला माठ कधी गार होत नाही. खिडकीजवळ सावलीत, तिवईवर ठेवा आणि भोवती ओला पंचा गुंडाळा. माझ्या माहेरी माठातलं पाणी इतकं गार का लागत नाही, हे कोडं मला नागपूरला आल्यावर उलगडलं: कोकणच्या हवेत आधीच इतका ओलावा असतो, की पाझरलेल्या पाण्याची वाफ लवकर होतच नाही. त्यामुळे विदर्भ, खानदेश, मराठवाड्यात राहत असाल तर माठावर पूर्ण भरवसा ठेवा. मुंबई-गोव्याकडे असाल तर दोन बाटल्या फ्रिजमध्ये असू द्या.

दर दोन दिवसांनी माठ रिकामा करून धुवायचा. पाण्यात वाळ्याची जुडी टाकली तर सुरेख वास येतो, पण तीन-चार दिवसांनी ती काढून उन्हात खडखडीत वाळवायला विसरू नका.

एका कुकरात तीन कामं

आता सकाळ. साडेसहा-सातला उठून हे केलंत, तर आठच्या आत गॅस बंद होतो.

१. अर्धी वाटी तूरडाळ किंवा मूगडाळ धुऊन एका डब्यात घ्या. दीड वाटी पाणी, चिमूटभर हळद आणि हिंग घाला.

२. दुसऱ्या डब्यात एक वाटी तांदूळ धुऊन घ्या. दुपारी वरणभात खायचा असेल तर दोन वाट्या पाणी. दहीभात करायचा असेल तर तीन वाट्या, म्हणजे भात मऊ, आसट होतो.

३. तिसऱ्या डब्यात दोन अख्ख्या कैऱ्या ठेवा. त्यात पाणी घालायचं नाही. कैरी वाफेवर शिजते, सालं फुटतात आणि रस डब्यातच राहतो. कैरी थेट कुकरच्या पाण्यात ठेवली तर निम्मा आंबटपणा त्या पाण्यात जातो.

४. कुकरच्या तळाशी दोन पेले पाणी, त्यावर डाळ, मग भात, वर कैरी. चार शिट्ट्या. गॅस बंद करा आणि वाफ आपोआप जिरू द्या.

कुकर होईपर्यंत दुसरी शेगडी असेल तर एक भाजी टाका. उन्हाळ्यात दुधी, तोंडली, भेंडी, गवार या भाज्या टिकतात आणि पोटाला जड होत नाहीत. पालेभाजी आणलीत तर त्याच दिवशी संपवा. मेथीची जुडी मे महिन्यात संध्याकाळपर्यंत मान टाकते. पोळ्या येत नसतील तर त्यावर हटून बसू नका. जवळपास ज्वारीची भाकरी करून देणाऱ्या ताई असतील तर त्यांच्याकडून आणा. दह्याशी आणि ठेच्याशी भाकरी जितकी जमते तितकी पोळी जमत नाही, असं माझं ठाम मत आहे.

पन्हं: हे आधी शिका

उन्हाळ्यातला एकच पदार्थ शिकणार असाल तर पन्हं शिका. चुकायला जागा नाही आणि एकदा केलं की आठवडाभर पुरतं. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंबाडाळीबरोबर पन्हं देतात ते उगीच नाही. चैत्रात कैरी बाजारात येते, ऊन तापायला लागतं, आणि घामावाटे जे मीठ जातं ते या गोड-आंबट पेल्यातून सहज परत मिळतं.

कैऱ्या कडक आणि हिरव्यागार घ्या. आतून पिवळी पडलेली कैरी गोडसर लागते आणि पन्ह्याला तजेला येत नाही. देठाचा चीक घशाला खवखवतो, म्हणून देठ कापून कैऱ्या अर्धा तास पाण्यात ठेवा, मग कुकरात लावा.

गार झाल्यावर सालं काढा. सालीला चिकटलेला गर चमच्याने खरवडून घ्या, तोच सगळ्यात चवदार. कोय हाताने पिळून घ्या. दोन मध्यम कैऱ्यांचा साधारण एक वाटी गर निघतो. त्यात दीड वाटी चिरलेला गूळ, अर्धा चमचा मीठ आणि अर्धा चमचा वेलचीपूड घालून मिक्सरमधून एकदा फिरवा. केशराच्या दोन काड्या असतील तर उत्तम, नसतील तर काही अडत नाही. कैरी फार आंबट निघाली तर गूळ दोन वाट्यांपर्यंत न्या. गुळाऐवजी साखर घातली तर रंग फिका, सोनेरी राहतो. गुळाने तपकिरी होतो पण चव भरीव येते. मी गुळाच्या बाजूची.

हा घट्ट गर काचेच्या कोरड्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवा. आठवडाभर छान राहतो, फक्त ओला चमचा घालायचा नाही. प्यायच्या वेळी पेल्यात दोन-तीन मोठे चमचे गर, वर माठाचं पाणी, ढवळा, झालं. बर्फाची गरज नसते. फार गार केलं तर वेलची आणि कैरी दोन्हींचा वास दबतो.

दही, म्हणजे वेळेचं गणित

नवशिक्यांचं दही उन्हाळ्यात हमखास आंबतं, आणि मग लोक विकतच्या दह्याकडे वळतात. चूक कृतीत नसते, वेळेत असते. थंडीत दही लागायला आठ-दहा तास लागतात. मे महिन्यात नागपुरात ते चार-पाच तासांत लागतं. रात्री दहाला विरजण लावून सकाळी सातला उठलात, तर मधले चार तास ते नुसतं आंबत बसलेलं असतं.

म्हणून विरजण संध्याकाळी सहाला लावा. अर्धा लिटर दूध उकळून कोमट होऊ द्या. करंगळी बुडवून दहा अंक मोजता आले पाहिजेत, चटका बसता कामा नये. उन्हाळ्यात विरजण कमी लागतं. अर्ध्या लिटरला अर्धा चमचा दही पुरे. नीट ढवळा आणि भांडं हलवू नका. झोपण्यापूर्वी, दहा-साडेदहाला पाहा. भांडं किंचित तिरकं केल्यावर दही कडेपासून सुटत असेल तर लगेच फ्रिजमध्ये टाका. मातीच्या सुगडात लावलंत तर माती पाणी शोषते आणि दही सुरीने कापावं असं घट्ट होतं. पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात मात्र आंबट काहीच ठेवू नका; कळकतं.

ताकाला एक वाटी दही आणि तीन वाट्या गार पाणी. रवीने घुसळा, रवी नसेल तर झाकणाची बाटली जोरात हलवा. मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड. रोजच्याला एवढंच ठेवा. पाहुणे आले तर मठ्ठा करा: आलं, हिरवी मिरची आणि कोथिंबीर थोड्या मिठासाखरेबरोबर खलबत्त्यात ठेचून ताकात मिसळायची, हिंगाची चिमूट, अर्धा तास फ्रिजमध्ये. मिक्सरमध्ये वाटलं तर मठ्ठा हिरवा होतो आणि कडवट लागतो. ठेचलेलंच हवं. (विदर्भात नवीन असाल तर भाजीवालीकडे कोथिंबीर मागताना गोंधळू नका. ती 'सांभार' म्हणेल, आणि तो मसाल्याचा सांबार नव्हे.)

दुपारचं ताट, गॅस न पेटवता

दहीभात. भात कुकरातून निघाल्यावर गरम असतानाच डावाने घोटून घ्या. गार झालेल्या भाताची शितं घोटली जात नाहीत. कोमट झाला की एक वाटी दूध, आणि पूर्ण गार झाला की अर्धी वाटी दही. दूध जास्त आणि दही कमी, कारण डब्यात नेलात तर दुपारपर्यंत त्या दुधाचंच दही होतं आणि भात आंबट न होता मऊ राहतो. नुसतं दही घालून नेलेला भात एक वाजता तोंडात धरवत नाही. मीठ, किसलेलं आलं, वर तुपाची फोडणी: जिरं, हिंग, कढीपत्ता, एक सुकी मिरची. फोडणी सकाळीच करून वाटीत ठेवली तरी चालते. सोलापूर-कोल्हापूरकडे याला दहीबुत्ती म्हणतात आणि सोबत तळलेली सांडगी मिरची देतात. ती पाकिटातून आणून ठेवा, सकाळी दोन चमचे तेलात चार मिरच्या परतायला मिनिटही लागत नाही.

खमंग काकडी. काकडी चोचवून किंवा बारीक चिरून, भाजलेल्या दाण्याचा जाडसर कूट, हिरवी मिरची, लिंबू, साखर, ओलं खोबरं असेल तर ते. मीठ जेवायला बसताना. आधी घातलं तर काकडी पाणी सोडते आणि कूट त्यात बुडून लापशी होते. काकडीचं टोक चाखून पाहायची सवय लावून घ्या; एक कडू काकडी सगळी कोशिंबीर नासवते.

तक्कू. कैरी किसा, तितकाच कांदा किसा किंवा बारीक चिरा, गूळ, मीठ, लाल तिखट, आणि मोहरी-हिंग-मेथ्यांची गार केलेली फोडणी. पाच मिनिटांत होतो, फ्रिजमध्ये दोन दिवस राहतो. ऊन लागू नये म्हणून इकडे खिशात कांदा ठेवून बाहेर पडणारी माणसं आहेत. खिशातला कांदा काही करतो की नाही त्यावर मी वाद घालत नाही, पण तक्कूतला कांदा भाकरीबरोबर पोटात गेला की दुपार चांगली जाते, एवढं मी खात्रीने सांगते.

आंबाडाळ. हरभऱ्याची डाळ रात्रभर भिजवली तर उन्हाळ्यात तिला वास येतो, म्हणून पहाटे उठल्या उठल्या भिजत घाला, किंवा रात्री भिजवून फ्रिजमध्ये ठेवा. चार-पाच तासांनी पाणी पूर्ण निथळून मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवा. रवाळ हवी, पीठ नको. एक वाटी डाळीला अर्धी वाटी किसलेली कैरी, दोन मिरच्या, मीठ, साखर, ओलं खोबरं, आणि हिंग-हळदीची भरपूर फोडणी गार करून. डाळ कच्ची असल्यामुळे हा ताटातल्या डाव्या बाजूचा पदार्थ आहे. वाटीभर खाल्लात तर संध्याकाळी पोट तक्रार करेल.

दुपारी एवढ्यातले दोन पदार्थ पुष्कळ. बरोबर सकाळचं वरण, तेही गरम न करता. गार वरणात लिंबू पिळून, वरून कच्चा कांदा घालून भातावर घ्या. मला स्वतःला आता उन्हाळ्यात गरम वरण नकोसं होतं.

आंबील

ही मी सासरी शिकले, आणि नवशिक्यांना कोणी सांगत नाही म्हणून वेगळी सांगते. दुपारी जेवण जात नसेल, नुसतं पाणी पिऊन पोट डबडबत असेल, तेव्हा आंबीलच कामाला येते. सोलापूर-कोल्हापूरच्या बाजूला आणि कर्नाटकाच्या सीमेवर ज्वारीची, कोकणात-घाटात नाचणीची. नाचणीची सोपी.

रात्री तीन चमचे नाचणीचं पीठ अर्धी वाटी ताकात कालवून झाकून ओट्यावरच ठेवा. सकाळी त्याला हलका आंबूस वास येतो, हवा तो हाच. दोन वाट्या पाणी उकळवा, त्यात हे कालवण एका हाताने ओता आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहा. हात थांबला की गुठळ्या. मंद आचेवर सहा-सात मिनिटांत रंग गडद होतो, चकाकी येते, कच्च्या पिठाचा वास जातो. उतरवा आणि पूर्ण गार होऊ द्या. मग एक वाटी ताजं ताक, मीठ, ठेचलेली एक लसूणपाकळी, जिरेपूड. जाडसर लागली तर माठाचं पाणी. गरम असताना ताक घातलं तर ते फुटतं, ही एकच चूक टाळा.

सकाळी आंबील पिऊन बाहेर पडलेल्याला दुपारी एकपर्यंत भूक लागत नाही आणि तोंडही कोरडं पडत नाही. सातूचं पीठ मिळत असेल तर तेही घरात असू द्या. भाजलेल्या गव्हा-डाळ्याचं हे पीठ गुळाच्या पाण्यात नुसतं कालवलं की नाश्ता होतो. बचत गटांच्या विक्रीत चांगलं मिळतं.

कोकम घेताना

इथे मी माहेरची बाजू घेऊन बोलणार. कोकमाच्या नावाने दुकानात तीन गोष्टी मिळतात आणि नवीन माणूस हमखास चुकीची उचलतो. आमसूल म्हणजे वाळवलेली सालं. आगळ म्हणजे फळाचा रस, मिठात टिकवलेला. तो खारट-आंबट असतो. आणि अमृतकोकम किंवा कोकम सिरप म्हणजे साखरेत मुरवलेला रस. सरबताला सिरप, सोलकढीला आगळ किंवा आमसूल. आगळात साखर घालून सरबत करायला गेलेली मुलगी मी पाहिली आहे. अख्खी बाटली वाया गेली असं तिला वाटलं, मग त्याच बाटलीतून तिने महिनाभर सोलकढी प्यायली.

कोकम सरबत: एक पेला पाण्याला तीन मोठे चमचे सिरप, चिमूट मीठ, चिमूट जिरेपूड. जिरं सोडू नका.

सोलकढी: एका नारळाचं खोबरं, दोन लसूणपाकळ्या आणि एक हिरवी मिरची कोमट पाण्यात वाटून पंचातून पिळा. दोनदा पिळून दोन-अडीच वाट्या दूध निघतं. त्यात दोन मोठे चमचे आगळ घाला, रंग गुलाबी झाला पाहिजे. चाखून मगच मीठ घाला, कारण आगळात ते आधीच असतं. आगळ नसेल तर आठ-दहा आमसुलं अर्धी वाटी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून पिळून घ्या. वर कोथिंबीर. गॅसवर ठेवायची नाही आणि दुसऱ्या दिवसासाठी उरवायची नाही. नारळाचं दूध उन्हाळ्यात दगा देतं.

जपायचं ते

माझ्या पहिल्या उन्हाळ्यात मी सकाळचा भात ओट्यावर झाकून ठेवला आणि रात्री फोडणी देऊन खाल्ला. वास नव्हता, चवही ठीक होती. रात्रभर उलट्या झाल्या. तांदळावर असलेल्या काही जीवाणूंची बीजं शिजल्यावरही जिवंत राहतात, उष्ण हवेत भरभर वाढतात, आणि त्यांनी सोडलेलं विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. म्हणून उरलेला भात ताटात पसरून पटकन गार करा आणि शिजल्यापासून तासाभरात फ्रिजमध्ये ठेवा. फ्रिज नसेल तर एका वेळेपुरताच शिजवा.

बर्फ घरच्या ट्रेमध्ये, प्यायच्या पाण्याचा. कारखान्यात माल गार ठेवण्यासाठी बनणारा बर्फ खाण्याचा नसतो. महाराष्ट्रात २०१८ साली असा बर्फ निळसर रंगवण्याचा नियम आला तो यासाठीच. गोळा खावासा वाटला तर कोकम सिरपात दुप्पट पाणी घालून ट्रेमध्ये गोठवा आणि ते खडे मिक्सरमध्ये दोन झटके फिरवा.

उन्हातून आल्यावर कुणाला गळून गेल्यासारखं वाटलं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून घोटघोट द्या. चमचा चहाचा, आणि मिठाचं माप नेमकं पाळा. पण अंग तापलेलं आहे आणि माणूस असंबद्ध बोलतो आहे, किंवा शुद्ध हरपते आहे, असं दिसलं तर सरबतात वेळ घालवू नका. अंगावर पाणी शिंपडा, वारा घाला आणि १०८ ला फोन करा.

गोड आणि गार

पियूष सगळ्यात सोपं. एक वाटी विकतचं केशरी श्रीखंड, दोन वाट्या ताजं, आंबट नसलेलं ताक, किसलेलं जायफळ, घुसळा, गार करा. दहा मिनिटं.

आमरसाला आंबे दोन तास पाण्यात ठेवा. हापूसचा रस मिक्सरचा चालतो. पायरीचा हाताने पिळलेलाच चांगला, तिचा रसाळपणा मिक्सरमध्ये हरवतो. चिमूट मीठ, वरून चमचाभर तूप आणि मिरपूड. इकडे कित्येक घरांत अक्षय्य तृतीयेपर्यंत आंब्याला हात लावत नाहीत, आणि खानदेशात आखाजीला, म्हणजे याच सणाला, रस-पोळीशिवाय पान वाढलं जात नाही. थांबून खाल्लेल्या आंब्याची गोडी वेगळी लागते हे मला सासरी येऊन कळलं.

आता कुल्फी. हिच्यासाठी सुट्टीच्या दिवशीची एक सकाळ राखून ठेवा.

आइस्क्रीम गोठताना सतत घुसळतात, म्हणजे बर्फाचे मोठे खडे होत नाहीत. कुल्फी घुसळायची नसते. तिच्यात खडे होऊ नयेत म्हणून दुधातलं पाणीच आटवून काढायचं असतं. एवढं लक्षात ठेवलं, तर आटवायचा कंटाळा का करायचा नाही हे वेगळं सांगावं लागत नाही.

१. एक लिटर म्हशीचं किंवा फुल क्रीम दूध जाड बुडाच्या पसरट कढईत सकाळी सहालाच चढवा. पसरट भांड्यात दूध लवकर आटतं.

२. उकळी आली की आच मध्यम करा. दर दोन-तीन मिनिटांनी तळ खरवडत ढवळा आणि कडेला जमणारी साय पुन्हा दुधात ढकला. ही साय म्हणजेच कुल्फीची चव.

३. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत दूध निम्म्याच्या खाली येतं आणि रंग हलका बदामी होतो. आता अर्धी वाटी साखर घाला. चाखल्यावर थोडी जास्त गोड वाटली पाहिजे, गोठल्यावर गोडी कमी लागते.

४. कडा काढलेला ब्रेडचा एक स्लाइस थोड्या गार दुधात कुस्करून, दोन चमचे दूध पावडर मिसळून घाला. पाच मिनिटं उकळू द्या. ब्रेडने दाटपणा येतो आणि उरलेलं पाणी बांधून राहतं. खाताना त्याचा पत्ताही लागत नाही.

५. उतरवून पूर्ण गार करा. मग वेलची, पिस्ते. आंब्याची कुल्फी हवी असेल तर एका आंब्याचा गर आत्ता घाला. गरम दुधात घातला तर दूध फाटेल.

६. साचे नसतील तर लहान स्टीलचे पेले घ्या. पाऊण भरा, तोंडाला फॉइल घट्ट बसवा आणि मध्ये चीर पाडून काडी खोचा. फॉइल नीट लागलं नाही तर वर भुरभुरीत बर्फ जमतो.

फ्रीजर सगळ्यात थंड आकड्यावर ठेवा आणि आठ-दहा तास दार उघडू नका. छोट्या फ्रिजमध्ये रात्रभर लागते, आणि त्या रात्री वीज गेली तर दुसरी रात्रही. काढताना पेला नळाच्या पाण्याखाली पाच-सहा सेकंद फिरवा, गरम पाण्यात बुडवू नका, नाहीतर बाहेरचा थर वितळून निसटतो. दोन तळव्यांत पेला घोळवा आणि काडी हलकेच फिरवत ओढा. पहिली कुल्फी अर्धी पेल्यातच राहिली तर चमच्याने खा. दुसरी सबंध निघते.

आमच्याकडे नवतपाच्या, म्हणजे मेअखेरीच्या सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांत रात्री दहाला गच्चीवर पाणी मारतो, जमीन निवली की सतरंजी टाकतो आणि मगच फ्रीजर उघडतो. शेजारच्या काकूंची कुल्फी त्यात कायम धरलेली असते, त्यांना पिस्ते न घातलेली लागते.